अँटेनाच्या पायाखालची जमीन

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील प्रचंड रेडिओ दुर्बीण शाळांच्या सहलींना परिचित आहे. ४५ मीटर व्यासाच्या तबकडीखाली उभे राहिल्यावर मुले हमखास विचारतात, "सर, ही तबकडी तर आरपार दिसते! मग लहरी पडून जात नाहीत का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधत गेलो तर आपण थेट रेडिओच्या जन्मापर्यंत पोहोचतो. शिवाय घरातल्या घरात अँटेना उभारू पाहणाऱ्या हौशी रेडिओवाल्याच्या एका जुन्या अडचणीपाशीही येतो. ही अडचण म्हणजे अँटेनाला लागणारी 'जमीन' आणायची कोठून?

अर्धी अँटेना, अर्धे प्रतिबिंब

हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८८ च्या सुमारास कार्ल्सरूह येथे रेडिओलहरींवर प्रयोग केले, तेव्हा त्यांच्या अँटेनाला जमिनीची गरज नव्हती. तिला दोन सारख्या भुजा होत्या. एका भुजेतून विद्युतभार बाहेर धावला की दुसरीतून तितकाच आत येई. आजही अशा अँटेनेला आपण द्विध्रुव म्हणतो. याच प्रयोगांत हर्ट्झ यांनी व्याख्यानगृहाच्या भिंतीवर ४ मीटर उंच आणि २ मीटर रुंद असा जस्ताचा पत्रा लावला व त्यावरून लहरी परावर्तित होतात हे दाखवले. धातूचा पत्रा हा रेडिओलहरींचा आरसा आहे, हे तेथे सिद्ध झाले.

मार्कोनी यांचे पहिले प्रयोग घराच्या माळ्यावर झाले. १८९५ मध्ये ते बागेत आले आणि त्यांनी एक महत्त्वाचा बदल केला. एक भुजा उंच खांबावर चढवली आणि दुसरीऐवजी जमिनीत पुरलेला धातूचा पत्रा जोडला. संदेशाचा पल्ला एकदम वाढून दोन किलोमीटरच्या आसपास गेला. असे का झाले? आरशासमोर अर्धे लिंबू धरले तर आपल्याला पूर्ण लिंबू दिसते. तसेच वीज वाहून नेणाऱ्या सपाट पृष्ठभागावर पाव तरंगलांबीची तार उभी केली, तर खाली तिचे प्रतिबिंब असल्याप्रमाणे लहरी पसरतात. तार अर्धीच असते, पण काम पूर्ण द्विध्रुवाचे होते. मात्र आरसा चांगला हवा. तो मळका असेल तर प्रतिबिंब अंधुक होते आणि ऊर्जा जमीन तापवण्यात वाया जाते.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. घरातील विजेच्या जोडणीसाठी आपण खड्डा खणून कोळसा व मीठ घालून 'अर्थिंग' करतो. ते माणसाला विजेचा धक्का बसू नये म्हणून. रेडिओची 'जमीन' ही वेगळी गोष्ट आहे. तिचे काम म्हणजे अँटेनेतून निघालेल्या प्रवाहाला परतीची वाट देणे. एक चांगले असले म्हणजे दुसरे चांगले असतेच असे नाही.

जमीन हवेतही असू शकते

जुन्नर-आंबेगावचा पश्चिम भाग बेसाल्ट खडकाचा. वर थोडी माती, खाली मुरूम, मग कातळ. लोखंडी सळई हातभर गेली की खडखडते. उन्हाळ्यात असा कोरडा खडक विजेला चांगला वाहक नसतो. जगात अशी जागा अनेकांच्या वाट्याला आली आणि त्यातून उपाय निघाले. ऑलिव्हर लॉज यांनी १८९७ च्या आपल्या पेटंटात जमिनीशी जोडणी न करता दोन्ही बाजूंना धातूचे मोठे पृष्ठभाग वापरण्याची कल्पना मांडली होती. पुढे अँटेनेखाली, जमिनीपासून थोड्या उंचीवर तारांचे जाळे ताणण्याची पद्धत रूढ झाली. जमीन निकृष्ट असेल तर ती झाकून टाकायची, असा हा विचार होता.

किती तारा पुरेत याचे मोजमाप १९३७ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज ब्राउन, लुईस व एप्स्टाइन यांनी प्रसिद्ध केले. मनोऱ्याच्या पायथ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या तारा पुरून त्यांनी संख्या बदलत मापने घेतली. थोड्या तारा असताना बरीच ऊर्जा जमिनीत मुरते आणि सुमारे १२० तारांनंतर फारसा लाभ उरत नाही, असे आढळले. मध्यमलहरींच्या प्रक्षेपण केंद्रांसाठी हा आकडा जणू नियमच बनला. ज्या ७९२ किलोहर्ट्झवर पुणे आकाशवाणी अनेक वर्षे ऐकली गेली, तिची तरंगलांबी सुमारे ३७९ मीटर. तिच्या चतुर्थांशाएवढ्या, म्हणजे ९५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात १२० तारा पुरायच्या, तर ११ किलोमीटरहून अधिक तार लागेल! हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा.

याच ब्राउन यांनी लहान तरंगलांबीसाठी छपरावर किंवा खांबावर बसणारी अँटेना तयार केली. मध्ये पाव तरंगलांबीची उभी काठी आणि तिच्या बुडाशी तेवढ्याच लांबीच्या चार आडव्या काठ्या. तिचे 'ग्राउंड प्लेन अँटेना' हे नाव आजही चालते. असे सांगतात, की ब्राउन यांना दोनच आडव्या काठ्या पुरेशा वाटत होत्या. पण दोन काठ्यांची अँटेना सर्व दिशांना सारखीच पाठवील यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसेना, म्हणून विक्री विभागाने चार करायला लावल्या. मुद्दा असा की १२० वरून संख्या चारवर आली, कारण आरसा आता कातळावर नव्हता. खराब जमीन दूर गेली की थोड्या तारांवरही भागते.

पुणे जिल्ह्यातील तारांचे आरसे

आरसा सलग पत्र्याचाच हवा का? याचे उत्तर पुणे जिल्ह्याने तीन वेळा पाहिले. १९२७ मध्ये भारत व इंग्लंड यांच्या दरम्यान लघुलहरींची तारायंत्रसेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. मार्कोनी कंपनीच्या या रचनेत उंच मनोऱ्यांमध्ये उभ्या तारांचा एक पडदा टांगलेला असे आणि त्याच्या मागे परावर्तनासाठी तारांचा दुसरा पडदा. मागच्या तारा लहरींना अडवून एकाच दिशेने वळवत. म्हणजे उभ्या केलेल्या 'जमिनी'च त्या!

दुसरे उदाहरण नारायणगावजवळच्या आर्वीचे. तेथे १९७१ मध्ये भारताचे परदेशी दळणवळणासाठीचे पहिले उपग्रह भू-केंद्र सुरू झाले. पुढे त्याला विक्रम साराभाई यांचे नाव मिळाले. तेथील लहरींची लांबी ५ ते ७.५ सेंटीमीटर होती. इतक्या आखूड लहरींना सलग धातूचाच पृष्ठभाग सोयीचा.

तिसरे उदाहरण खोडदचे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी आधी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी दुर्बीण १९७० मध्ये पूर्ण केली होती. तिचा आरसा म्हणजे एकमेकींना समांतर अशा सुमारे ११०० बारीक पोलादी तारा. समांतर तारा एका विशिष्ट दिशेने कंप पावणाऱ्या लहरीच परतवतात. खोडदला दोन्ही प्रकारच्या लहरी हव्या होत्या, म्हणून उभ्या-आडव्या तारांची जाळी आली. तबकडीच्या सोळा पोलादी कमानींवर पोलादी दोर ताणून त्यांवर ही जाळी बसवली आहे. तार केवळ ०.५५ मिलिमीटर जाड. जाळीचे घर मध्यभागी १० मिलिमीटर, पुढे १५ आणि कडेला २० मिलिमीटर.

आता मुलांच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. ही दुर्बीण ज्या सर्वांत आखूड लहरींसाठी बांधली, त्यांची लांबी सुमारे २१ सेंटीमीटर. घर त्याच्या एक दशांशाहून लहान असेल तर लहरींना जाळी जवळजवळ सलग पत्र्यासारखीच असते. वाऱ्याला मात्र ती मोकळी असते. एका तबकडीचे तोंड सुमारे १५९० चौरस मीटरचे; तेथे सलग पत्रा असता तर वादळात त्यावर येणारा दाब पेलण्यासाठी कितीतरी जड सांगाडा लागला असता. जाळीमुळे अशा ३० तबकड्या आवाक्यातल्या खर्चात उभ्या राहिल्या. त्यांतील १४ मध्यवर्ती भागात व १६ तीन दिशांना पसरलेल्या आहेत. ही दुर्बीण २००१ मध्ये जगभरच्या वैज्ञानिकांसाठी खुली झाली.

घरातली जमीन

हाच 'एक दशांशा'चा नियम घरात उपयोगी पडतो. हौशी रेडिओवाल्यांच्या १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २ मीटर. तिचा चौथा भाग ५२ सेंटीमीटर. प्रत्यक्ष तार थोडी आखूड, ४९ सेंटीमीटरच्या आसपास धरतात. आरशातील भोके २० सेंटीमीटरपर्यंत चालतील! म्हणजे खुराड्याची जाळी, जुन्या पेटीचा पत्रा, लोखंडी कपाटाचा माथा, यांपैकी काहीही चालेल. अट एवढीच, की त्याची त्रिज्या पाव तरंगलांबीच्या जवळपास असावी आणि अँटेनाकडे येणाऱ्या केबलची बाहेरची वेष्टणाची तार त्याला नीट जोडावी. पत्राही नसेल तर ४९ सेंटीमीटरच्या चार तारा पुरतात. त्या सपाट ठेवल्या तर अँटेनाचा रोध ३६ ओहमच्या आसपास असतो. ४५ अंशांनी खाली झुकवल्या तर तो ५० ओहमजवळ येतो आणि नेहमीच्या केबलशी जुळतो.

घर कसे आहे हेही पाहावे. कौलारू घराचा माळा उत्तम, कारण भाजलेली माती लहरींना फारशी अडवत नाही. पत्र्याच्या छपराखाली मात्र अँटेना कोंडली जाते. तोच पत्रा अँटेनाखाली आला तर आयती जमीन मिळते. सिमेंटच्या स्लॅबमधील सळयाही बहुधा १५ ते २० सेंटीमीटर अंतरावर असतात. त्या २ मीटरच्या लहरींना किती अडवतील, हे वरच्या नियमावरून मुलांनी ठरवावे.

लांब लहरींसाठी मात्र गोष्ट कठीण होते. १९४२ मध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांचे काँग्रेस रेडिओ मुंबईतून जागा बदलत ४२.३४ मीटरवर बोलत असे. ही वारंवारता होते सुमारे ७.१ मेगाहर्ट्झ, म्हणजे आजच्या हौशी रेडिओच्या एका पट्ट्यातली. तिची पाव लांबी साडेदहा मीटर, म्हणजे तीन मजल्यांएवढी. खोलीत मावेल अशी दोन मीटरची काठी घेतली तर तिचा प्रारण-रोध जेमतेम ०.९ ओहम भरतो. जमिनीतील हानी २० ओहमएवढी आहे असे समजा, तर १०० वॅटपैकी सुमारे ४ वॅटच बाहेर पडतील. जमिनीवर तारा पसरून हानी ५ ओहमवर आणली तर १५ वॅट पडतील. काठी तीच, यंत्र तेच. फक्त जमीन बदलली आणि संदेश जवळजवळ चौपट जोराने गेला.

हे कशासाठी?

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. बाहेरच्या जगाला ही बातमी कळली ती एसटीच्या चालकामुळे. त्याला नेहमीचे गाव दिसलेच नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोहोचवण्याचे काम केले होते. सह्याद्रीच्या पावसात बाहेर मनोरा उभारायला वेळ नसतो आणि विजांच्या कडकडाटात तो उभारूही नये. अशा वेळी शाळेच्या खोलीत, मिळेल त्या पत्र्यावर अँटेना उभी करता येणे हे कसब मोलाचे ठरू शकते. अर्थात प्रक्षेपणासाठी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. खोडदच्या परिसरात तर अधिकच जपले पाहिजे. तेथे अतिशय क्षीण लहरी टिपायच्या असतात.

ऐकण्यासाठी मात्र परवाना लागत नाही. वर्गात एफ.एम. संच घ्या आणि जेमतेम ऐकू येणारे एखादे केंद्र लावा. संच हातात धरून, लाकडी टेबलावर ठेवून आणि लोखंडी कपाटावर ठेवून ऐका. प्रत्येक वेळी खरखर किती होते ते फळ्यावर मांडा. हातात धरल्यावर आवाज सुधारला तर मुलांना विचारा, अँटेनाची दुसरी भुजा आता कोण झाले आहे? मग कपाटाऐवजी खुराड्याची जाळी घ्या, आणि पुढच्या सहलीत खोडदची जाळी पाहताना तिची घरे मोजायला लावा.