मोघम शब्दांचा धनी कोण?

मुंबईच्या फौजदारी कोर्टाच्या दारात काही वकील येणाऱ्या पक्षकारांना गाठत, त्यांच्या हातातले कागद हिसकावत. महाराष्ट्र बार कौन्सिलने त्यांना दोषी धरले. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या शिस्तपालन समितीने मात्र काम मागण्यास मनाई करणाऱ्या ३६व्या नियमाचा अर्थ इतका आखडला, की दोष उरलाच नाही! १९७५ साली सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो अर्थ फेटाळला.

१९६१च्या अॅडव्होकेट्स अॅक्टचे कलम ३५ ‘व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तना’ला शिक्षा सांगते, पण त्याची व्याख्या देत नाही. अशा मोघम शब्दांतून पळवाट निघते, तसाच न्यायही निघतो. म्हणून अर्थ लावणाऱ्याने आधी दारात गोंधळून उभ्या असलेल्या गरीब पक्षकाराकडे पाहायला हवे.