सक्तीचे शिरस्त्राण

मराठीत ‘हेल्मेटचा कायदा’ असे फारसे कोणी म्हणत नाही. वृत्तपत्रांचे मथळे आणि मोर्च्यांचे फलक यांनी मिळून ‘हेल्मेटसक्ती’ हाच सामासिक शब्द रूढ केला आहे. कायद्याचे नाव उच्चारतानाच त्याच्याविरुद्धचा निकालही या शब्दाने देऊन टाकला. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात पोलिसांनी काटेकोर कारवाई आरंभली, तेव्हा आपला विरोध हेल्मेटला नसून सक्तीला आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते.

मराठी वाचकाला हा युक्तिवाद नवा नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात टिळकांचा आक्षेप मुख्यत्वे परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला होता. आगरकर मात्र कायद्याच्या बाजूने उभे राहिले. दोन्ही प्रसंगांत एक मूलभूत भेद आहे. तेव्हा इजा होत होती ती दुसऱ्याला, दहा-बारा वर्षांच्या मुलीला. हेल्मेट न घालणारा प्रथमदर्शनी स्वतःचेच डोके धोक्यात घालतो. १८५९ मध्ये मिलने आखलेली स्वातंत्र्याची सीमा येथे स्वाराच्या बाजूने झुकते, हे मान्य केलेच पाहिजे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९८८ मध्ये आंध्र प्रदेशातील हेल्मेटविषयक नियम वैध ठरवून प्रश्नाची कायदेशीर बाजू बहुतांशी मिटवली.

परंतु ‘सक्ती’ हा शब्द मराठीत नेहमीच बदनाम नव्हता. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, त्याचे वर्णन आपण आजही ‘मोफत व सक्तीचे’ असे करतो. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला त्यात दंड होता. तरीही ती सक्ती आपल्याला जाचक वाटत नाही, कारण तिच्या आधी ‘मोफत’ हा शब्द उभा आहे. राज्याने आधी स्वतःवर बंधन घालून घेतले, आणि मग प्रजेवर घातले.

या कसोटीवर हेल्मेटचा इतिहास तपासला तर काय दिसते? मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ रोजी अंमलात आला. त्याच्या १२९ व्या कलमाने भारतीय मानकांनुसार असलेले शिरस्त्राण स्वाराला बंधनकारक केले. पगडी बांधणाऱ्या शिखांना तेवढी सूट दिली. मात्र आयएसआय चिन्ह नसलेल्या हेल्मेटच्या उत्पादनावर व विक्रीवर सरसकट बंदी आली ती १ जून २०२१ रोजी. स्वार बांधला गेला त्यानंतर सुमारे बत्तीस वर्षांनी उत्पादक बांधला गेला. दरम्यान रस्त्याकडेला टांगलेल्या स्वस्त टोप्या विकत घेऊन कित्येकांनी केवळ दंड वाचवला. डोके वाचण्याची हमी त्यात नव्हती.

नंदुरबार जिल्ह्यातून पाहताना ही विसंगती अधिक ठळक होते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा गुजरात व मध्य प्रदेश यांना खेटून आहे. डिसेंबर २०१९ मध्ये गुजरात सरकारने शहरांच्या हद्दीत हेल्मेट ऐच्छिक असल्याचे जाहीर केले. ती सूट पुढे टिकली नाही. पण तेवढ्या काळापुरते, नवापूरहून सुरतेला निघालेल्या स्वाराचे डोके घरच्या बाजूला कायद्याच्या स्वाधीन आणि सुरत शहरात त्याच्या मर्जीच्या स्वाधीन होते. डोके तेच, आणि डांबरही तेवढेच कठीण.

याच जिल्ह्यात तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाट लागतो. सप्टेंबर २०२१ मध्ये दरडींनी तेथील रस्ता अडला असताना, दवाखान्यात पोहोचण्याआधीच एका आजारी स्त्रीने पतीच्या खांद्यावर प्राण सोडल्याची बातमी महाराष्ट्राने वाचली. तिचा हेल्मेटशी संबंध नव्हता. या डोंगरात पडल्यानंतर काय होते, याच्याशी मात्र होता. जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले तेच २०२० मध्ये.

‘माझे डोके, माझा निर्णय’ असे म्हणणाऱ्याच्या मनात, चुकले तर हाकेच्या अंतरावर शल्यविशारद असल्याचा भरवसा बहुधा गृहीत असतो. सातपुड्यातल्या स्वाराला तो भरवसा नाही. म्हणून हेल्मेटची गरज त्यालाच अधिक आहे, आणि चांगले हेल्मेट विकत घेण्याची ऐपत बहुधा त्याचीच कमी. त्यामुळे आम्हांला निवडीचा कैवार जितका अपुरा वाटतो, तितकीच नुसती पावतीपुस्तकाची सक्तीही अपुरी वाटते. हेल्मेट घालावेच, कायद्याने घालायला लावावेच. पण शंभर वर्षांपूर्वी आपल्याच भाषेत ‘सक्ती’च्या शेजारी एक दुसरा शब्द होता. तो कोठे गळाला, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार धडगावच्या स्वाराला आहे.