मोर्शी तालुका आणि कृषी विस्तार (१९५२ ते २००५) : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

शेतीविषयक ज्ञान संशोधन केंद्रापासून शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचविण्याच्या कार्यास कृषी विस्तार असे म्हटले जाते. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने भू-अनुदानित महाविद्यालये उभी राहिली आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने शेती व गृहशास्त्र या दोन्ही विषयांतील विस्तारकार्य त्यांच्याशी जोडले गेले. त्यामुळे शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीनही कार्ये एकाच छत्राखाली आली. भारतात मात्र विस्ताराची मुख्य जबाबदारी आरंभापासून शासनयंत्रणेकडे राहिली. या व्यवस्थेचे फलित तपासण्यासाठी अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुका हे लक्षणीय उदाहरण ठरते. स्वातंत्र्योत्तर काळात विस्ताराचे दोन महत्त्वाचे राष्ट्रीय प्रयोग या परिसरात त्यांच्या पहिल्याच टप्प्यात झाले. असे असूनही तेथील संत्रा बागायत आणि भूजल पुढे संकटात का सापडले, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सामूहिक विकास कार्यक्रम :

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ प्रकल्पांनिशी सामूहिक विकास कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. अमरावती जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेश राज्यात होता. पहिल्या प्रकल्पक्षेत्रांमध्ये मोर्शीचा समावेश होता. प्रा. द. गो. कर्वे यांच्या संचालकत्वाखाली स्थापन झालेल्या कार्यक्रम मूल्यमापन संघटनेने जी आरंभीची केंद्रे निवडली, त्यांतही मोर्शी हे एक केंद्र होते. म्हणजे सल्ला देणे आणि त्या सल्ल्याचे मोजमाप करणे, या दोन्ही गोष्टी येथे जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्या.

या योजनेचा कणा ग्रामसेवक हा होता. सुधारित बियाणे, खत, पशुसंवर्धन, आरोग्य, रस्ते आणि प्रौढशिक्षण असे सर्व विषय काही गावांसाठी नेमलेल्या या एका माणसाकडे होते. ग्रामसेविकांकडे महिला मंडळे, बालसंगोपन व आहार हे विषय सोपविले गेले. कल्पना व्यापक होती. शेत, घर आणि गाव यांना एकत्र पाहणारी ती दृष्टी होती. परंतु कार्यक्रमास लोकांचा स्वयंस्फूर्त पुढाकार मिळाला नाही, असा निष्कर्ष बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये काढला. गावाने मागितलेले आणि कार्यालयाने ठरविलेले यांतील अंतर येथे प्रथम स्पष्ट झाले.

डॉ. पंजाबराव देशमुख आणि विद्यापीठाची स्थापना :

याच जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ मध्ये जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्री होते. शेतकऱ्यांची स्वतःची संघटना असावी या हेतूने त्यांनी १९५५ मध्ये भारत कृषक समाजाची स्थापना केली. शेतकरी हा केवळ सल्ल्याचा ग्राहक नसून बोलणारा घटक आहे, ही भूमिका त्यामागे होती. १९५९-६० मध्ये दिल्ली येथे भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन हे त्यांच्याच पुढाकाराचे फळ होते.

विदर्भास स्वतंत्र कृषी विद्यापीठ मिळावे यासाठी १९६७ मध्ये तीव्र आंदोलन झाले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोला येथे पंजाबराव कृषी विद्यापीठ अस्तित्वात आले. शिवार फेरी, ‘कृषी पत्रिका’ आणि ‘कृषी संवादिनी’ यांद्वारे विद्यापीठाने विस्ताराची स्वतःची परंपरा निर्माण केली. तथापि गावपातळीवरील कर्मचारी राज्याच्या कृषी विभागाकडे अथवा जिल्हा परिषदेकडे राहिले. शिफारस करणारी संस्था एक व ती पोहोचविणारी यंत्रणा दुसरी, अशी ही विभागणी झाली. शिफारस फसल्यास उत्तरदायी कोण, हा प्रश्न या विभागणीत अनुत्तरित राहिला.

संत्रा बागायत आणि सल्ल्याचे स्वरूप :

१९८० च्या दशकात महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या साहाय्याने प्रशिक्षण व भेट योजना राबविली गेली. ठराविक दिवशी भेट, ठराविक संपर्क शेतकरी आणि हंगामानुसार ठराविक संदेश अशी तिची रचना होती. ज्वारी, कपाशी यांसारख्या हंगामी पिकांस ती सोयीची होती, कारण या पिकांत सल्ल्याचे फळ त्याच वर्षी दिसते आणि चूक पुढच्या पेरणीत सुधारता येते.

मोर्शी व वरुड तालुक्यांचे अर्थकारण मात्र संत्र्यावर उभे आहे. संत्र्याचे झाड पाचव्या-सहाव्या वर्षी उत्पन्न देऊ लागते व पुढे दोन दशकांपर्यंत उभे राहते. कलम जंबेरीच्या खुंटावर बांधलेले आहे की अन्य, डोळा जमिनीपासून किती उंचीवर भरला आहे, रोपवाटिका रोगमुक्त आहे काय, या प्रश्नांची चुकीची उत्तरे शेतकऱ्यास फार उशिरा कळतात. खोडाशी पाणी साचल्याने डिंक्या व मूळकूज बळावते. म्हणून दुहेरी आळे पद्धत आणि खोडास बोर्डो मलम लावण्याची शिफारस झाली. या शिफारशी शास्त्रशुद्ध व उपयुक्त आहेत. नागपूर येथे १९८० च्या दशकात स्थापन झालेल्या राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्रामुळे त्यांना बळ मिळाले.

परंतु काही प्रश्न एका बागेच्या कुंपणात मावणारे नव्हते. काळ्या माशीमुळे होणारी कोळशी एका शेतकऱ्याच्या फवारणीने आटोक्यात येत नाही, कारण शेजारच्या बागेतून माशी पुन्हा येते. तेथे संपूर्ण शिवाराने एकाच वेळी उपाय करणे आवश्यक असते. संपर्क शेतकऱ्यावर आधारलेल्या यंत्रणेत अशा सामूहिक कृतीस स्थान अल्प होते.

‘आत्मा’चा प्रयोग :

१९९८ नंतर राष्ट्रीय कृषी तंत्रज्ञान प्रकल्पांतर्गत कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, अर्थात ‘आत्मा’, सात राज्यांतील २८ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. महाराष्ट्रातील चार प्रायोगिक जिल्ह्यांमध्ये अमरावतीची निवड झाली. शेतकरी गट, तालुकास्तरीय सल्लागार समिती व खालून वर जाणारे नियोजन ही तिची वैशिष्ट्ये होती. मेहता समितीने १९५७ मध्ये दाखविलेली उणीव भरून काढण्याचाच हा प्रयत्न होता. २००५ मध्ये प्रायोगिक टप्पा संपला व योजना देशभर विस्तारली.

भूजलाचा प्रश्न :

या संपूर्ण कालखंडात बागेखालचे पाणी कोणत्याही योजनेच्या केंद्रस्थानी नव्हते. आंबिया बहाराच्या बागेस भर उन्हाळ्यात ओलित द्यावे लागते. विहिरी आटू लागल्या तशा कूपनलिका वाढल्या आणि त्या शेकडो फूट खोल गेल्या. १९९३ मध्ये याच तालुक्यात सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरण पूर्ण झाले, परंतु त्याच्या कालव्यांचे लाभक्षेत्र प्रामुख्याने धरणाच्या खालील बाजूस आहे. शासकीय भूजल मूल्यांकनात मोर्शी व वरुड हे तालुके अतिशोषित म्हणून नोंदले गेले. ठिबक सिंचनाचा सल्ला दिला गेला व अनेकांनी तो स्वीकारला. तथापि वाचलेल्या पाण्यावर नवी बाग लावली गेली, तर भूजलाचा उपसा कमी होत नाही. किती पाणी उपसावे हा निर्णय एका शेतकऱ्याचा नसून गावाचा आहे आणि विस्तारयंत्रणा मात्र शेतकऱ्याशी एकेकट्याने बोलत राहिली.

निष्कर्ष :

मोर्शीच्या इतिहासावरून असे दिसते की, येथे सल्ल्याचा अभाव नव्हता. अभाव होता तो सातत्याचा, उत्तरदायित्वाचा आणि सामूहिक निर्णयाचा. योजनेचे आयुष्य पाच-सात वर्षांचे व बागेचे दोन दशकांचे, ही विसंगती कोणत्याही प्रयोगाने दूर केली नाही. दोन्ही प्रयोगांनी गावास एकक मानले खरे, परंतु गावाच्या हाती पाण्याचा हिशेब दिला नाही. वाळलेली बाग तोडण्याचा निर्णय अखेर शेतकऱ्याच्या कुटुंबालाच घ्यावा लागतो आणि त्या वेळी सल्ला देणारी योजना बहुधा संपलेली असते. या परिसरातील महाविद्यालयांना याबाबत मर्यादित परंतु निश्चित भूमिका बजावता येईल. विहिरींच्या पातळीची वर्षानुवर्षांची नोंद विद्यार्थ्यांकरवी ठेवून ती ग्रामसभेपुढे मांडणे हे कार्य कोणत्याही योजनेच्या मुदतीवर अवलंबून नाही.