निर्वासितांचे दप्तर

दप्तर हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे लाल रुमालात बांधलेले सरकारी कागद उभे राहतात. सनदा, ताळेबंद, साऱ्याची वसुली, फौजेचा खर्च. राज्य चालवायचे तर कागद राखावाच लागतो, आणि म्हणून जगातली बहुतेक दप्तरे राज्यकर्त्यांची आहेत. रयत त्या कागदांत सापडते, परंतु वसुलीपुरतीच सापडते. ती काय गात होती, कशाला भीत होती, हे लिहून ठेवण्याचे कारकुनाला कारण नव्हते.

ज्यांच्यापाशी राज्य नाही, घर नाही, पायाखाली स्वतःची भूमी नाही, अशा माणसांनीच स्वतःचे दप्तर राखायचे ठरवले तर काय होते, ह्याचा एक बोलका दाखला आज आम्ही आपणांपुढे ठेवणार आहो. तो एस्टोनिया ह्या लहानशा देशातून परागंदा होऊन ऑस्ट्रेलियात पोचलेल्या लोकांचा आहे. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. इतिहास आम्ही जो वाचला तो पाळी संपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे ह्या कहाणीकडे आम्ही पाहतो ते कष्टकऱ्याच्या बाजूने, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे.

एस्टोनिया हा फिनलंडच्या आखाताच्या दक्षिणेस, बाल्टिक समुद्राच्या काठी वसलेला देश. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्याची लोकसंख्या सुमारे अकरा लाख होती. शतकानुशतके तेथे जमीनदार जर्मन, पुढे राजा रशियन, आणि जमीन कसणारा मात्र एस्टोनियन, अशी विभागणी होती. उत्तर भागात १८१६ साली आणि दक्षिण भागात १८१९ साली भूदासत्व कायद्याने उठले, तरी एस्टोनियन ही शेतकऱ्याची भाषा, शहाण्याने ती सोडून जर्मन बोलावे, अशीच समजूत पुढे बराच काळ टिकली.

अशा समाजात १८८८ साली एक मोठी गोष्ट घडली. याकोब हुर्ट नावाच्या धर्मोपदेशकाने सेंट पीटर्सबर्गहून वर्तमानपत्रांच्या द्वारे आपल्या लोकांना हाक दिली, की आपापल्या गावची जुनी गाणी, म्हणी, कोडी, चालीरीती लिहून माझ्याकडे पाठवा. पगार नाही, टपालखर्च पदरचा. शेतकरी, शाळामास्तर, कारागीर असे सुमारे चौदाशे लोक ह्या कामाला लागले आणि त्यांनी पाठवलेल्या कागदांची संख्या एक लाख पानांच्या वर गेली. हुर्ट वारल्यानंतर, १९०९ साली, त्याच्या स्मरणार्थ टार्टू शहरात एस्टोनियन राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झाले. स्वतंत्र एस्टोनिया जन्माला आला तो १९१८ साली. म्हणजे दप्तर आधी आणि देश मागून, असा हा उलटा क्रम आहे! पुढे देश गेला तेव्हा लोकांना दप्तराचीच आठवण का झाली, ह्याचे उत्तर ह्या क्रमात आहे.

देश गेला तो असा. १९३९ च्या ऑगस्टमध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी गुप्त करार करून मधली राष्ट्रे आपसांत वाटून घेतली. जून १९४० मध्ये सोव्हिएत फौजा एस्टोनियात शिरल्या. १४ जून १९४१ रोजी सुरू झालेल्या एकाच धरपकडीत बायकामुलांसह सुमारे दहा हजार माणसे मालगाड्यांत कोंबून पूर्वेकडे नेण्यात आली. त्याच वर्षी जर्मन आले, तीन वर्षे राहिले, आणि १९४४ च्या शरदात सोव्हिएत फौजा परतू लागल्या तेव्हा सत्तर हजारांहून अधिक लोकांनी देश सोडला. कोणी मच्छीमारी होड्यांतून वादळी समुद्र ओलांडून स्वीडन गाठले, कोणी जहाजांतून जर्मनीत गेले. मागे राहिलेल्यांपैकी आणखी वीस हजारांवर लोक मार्च १९४९ मध्ये सायबेरियाकडे हद्दपार झाले.

जर्मनीत पोचलेल्यांची रवानगी युद्धानंतर निर्वासितांच्या छावण्यांत झाली. एस्टोनियनांची सर्वांत मोठी छावणी गाइसलिंगन गावी होती. छावणीत अन्न मोजून मिळे, उद्याचा भरवसा नव्हता. तरीही तेथे शाळा निघाल्या, गायनवृंद उभे राहिले, मिळेल त्या हलक्या कागदावर वर्तमानपत्रे आणि शाळेची पुस्तके छापली गेली. बाल्टिक देशांतील निर्वासित प्राध्यापकांनी १९४६ साली हँबुर्ग येथे चक्क एक विद्यापीठ सुरू केले आणि ते १९४९ पर्यंत चालवले. हे सारे कागद पुढे पेट्यांच्या तळाशी बसून समुद्रपार गेले.

आता ऑस्ट्रेलियाकडे वळू. युद्धानंतर त्या देशाला माणसांची, म्हणजे मजुरांची, निकड होती. १९४७ साली सरकारने आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेशी करार केला, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पहिले जहाज पश्चिम किनाऱ्यास लागले. त्यात लिथुएनिया, लॅटव्हिया आणि एस्टोनिया ह्या तीन देशांची आठशेहून अधिक तरुण माणसे होती, धडधाकट म्हणून निवडून आणलेली. पुढच्या काही वर्षांत ह्या योजनेखाली सुमारे १,७०,००० निर्वासित आले. त्यांत एस्टोनियन पाच-सहा हजार असतील. अट अशी की दोन वर्षे सरकार सांगेल तेथे आणि सांगेल ते काम करायचे. बोनेगिला येथील लष्करी बराकींत उतरायचे, थोडी इंग्रजी शिकायची आणि हुकूम येईल तिकडे निघायचे. कागदावर पुरुष म्हणजे ‘मजूर’ आणि बाई म्हणजे ‘घरकामवाली’. मग तो पुरुष गावी वकील असो की डॉक्टर, ती बाई शिक्षिका असो की वादक. ऊसतोडणी, रेल्वेचे रूळ, पोलादाचे कारखाने, आणि १९४९ पासून स्नोई पर्वतातील धरणांचे बांधकाम, अशा ठिकाणी ही माणसे पांगली.

येथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तेथील कामगार संघटनांना रास्त भीती वाटत होती, की ह्या गरजू लोकांना हाताशी धरून मालक मजुरीचे दर पाडतील. नव्या माणसांनाही वेतननिवाड्यात ठरलेलीच मजुरी मिळेल, अशी ग्वाही सरकारला द्यावी लागली. दर वाचला, हे चांगलेच झाले. परंतु दरपत्रकात माणसाचे हात मोजले जातात. त्याने मागे काय सोडले, हे मोजण्याचा रकाना त्यात नसतो. सरकारी दप्तरात ह्या प्रत्येकाचा एक कागद आहे: फोटो, उंची, प्रकृती, कामास लायक. तेवढ्याच कागदावर त्यांचा इतिहास लिहिला गेला असता, तर पुढच्या पिढीला आपला आजा फक्त ‘मजूर’ म्हणून भेटला असता.

तसे होऊ द्यायचे नाही, असे ह्या मजुरांनीच ठरवले. सिडनी परिसरात युद्धापूर्वी येऊन स्थिरावलेले थोडे एस्टोनियन होते. थर्लमिअर गावी १९२० च्या दशकापासून त्यांनी कोंबड्यापालनाचा व्यवसाय उभारला होता. जुन्या-नव्यांनी मिळून मंडळे चालवली. १९४९ साली सिडनीत ‘माये कोदू’ नावाचे साप्ताहिक निघाले. नावाचा अर्थ ‘आपले घर’. आणि १९५२ साली, अनेकांच्या दोन वर्षांच्या करारांची मुदत जेमतेम संपत असताना, ह्यूगो सालासो यांच्या पुढाकाराने ऑस्ट्रेलियातील एस्टोनियन दप्तरखाना सुरू झाला. पुढे सिडनीच्या सरी हिल्स भागातील एस्टोनियन भवनात त्याला जागा मिळाली. काम करणारे सारे स्वयंसेवक. नोकरी-व्यवसाय सांभाळून, सवडीच्या दिवशी यायचे आणि कागद लावायचे.

काय जमवले त्यांनी? मंडळांची इतिवृत्ते, गायनवृंदांच्या कार्यक्रमपत्रिका, नाटकांच्या जाहिराती, छावण्यांत छापलेली पुस्तके, वर्तमानपत्रांच्या फायली, पत्रे, छायाचित्रे. चार आण्यांची वस्तू एकही नाही, असे रद्दीवाला म्हणेल. परंतु कार्यक्रमपत्रिकेवर वीस गायकांची नावे असतात, आणि त्यांतले अनेक जण आठवडाभर रूळ टाकणारे किंवा रुग्णालयाची फरशी पुसणारे असतात. सरकारी कागदावरचा मजूर येथे दुसऱ्या सुरातला गायक म्हणून उभा राहतो. दोन्ही कागद खरे आहेत. एकट्या पहिल्याने मात्र खोटेपणा झाला असता.

ह्या दप्तराचे मोल केवळ भावनेचे नव्हते. तिकडे मायदेशी सोव्हिएत अमलाखाली स्वातंत्र्यकाळातली असंख्य पुस्तके ग्रंथालयांतून काढून नष्ट करण्यात आली आणि जुनी वर्तमानपत्रे कुलूपबंद विभागांत गेली. परदेशी पोचलेली प्रत ही अशा वेळी राष्ट्राच्या स्मृतीची दुसरी प्रत ठरते. इकडे १९७४ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारने बाल्टिक देश सोव्हिएत संघात कायदेशीररीत्या सामील झाल्याचे मान्य केले. ज्या देशाच्या आश्रयास आलो त्यानेच आपला देश नव्हता असे म्हणावे, हा घाव ह्या लोकांना किती खोल लागला असेल! त्यांनी निषेध केला, सभा घेतल्या, आणि १९७५ च्या डिसेंबरात निवडून आलेल्या नव्या सरकारने ती मान्यता काढून घेतली. आमचा देश होता, असे म्हणणाऱ्याला पुरावा लागतो. पुरावा कपाटात होता.

२० ऑगस्ट १९९१ रोजी एस्टोनियाने पुन्हा स्वातंत्र्य जाहीर केले. त्यानंतर ह्या परदेशी दप्तरांकडे मायदेशातील अभ्यासकांचे लक्ष गेले, आणि २००८ साली टार्टू येथे बाल्टिक देशांच्या परदेशस्थ वारशासाठी संस्थांचे एक जाळे उभे राहिले. अमेरिका, कॅनडा, स्वीडन येथेही स्थलांतरितांनी असेच संग्रह केले होते. वाट पाहत बसलेले कागद घरच्यांच्या हाती लागले, असेच म्हणावे लागेल.

परंतु येथवर सांगून थांबलो तर ते गुणगान होईल, इतिहास होणार नाही. स्वयंसेवकांच्या दप्तरालाही मर्यादा आहेत. जो मंडळात आला, त्याचा कागद आला. जो खाणावळीच्या खोलीत एकटाच राहिला, ज्याने भाषा आणि नाव दोन्ही सोडले, त्याचा माग तेथे क्वचित लागतो. दुसरी गोष्ट अवघड आहे. युद्धकाळात कित्येक एस्टोनियन तरुणांच्या अंगावर जर्मन गणवेश चढला, कोणी सक्तीने, कोणी आपखुशीने; आणि त्याच जर्मन अमलात एस्टोनियात उरलेले सुमारे एक हजार ज्यू मारले गेले. स्वतःच्या दुःखाचे दप्तर राखणाऱ्याला दुसऱ्याच्या दुःखाचा कागद नकोसा वाटणे, हा मनुष्यस्वभाव आहे. तोही कागद जपतो त्याचेच दप्तर विश्वासाचे. ज्या दिवशी नको असलेला कागद बाजूला काढला जाईल, त्या दिवशी ते दप्तर राज्यकर्त्यांच्या दप्तरासारखेच होईल.

आणि तिसरी अडचण काळाची. जहाजातून आलेली पिढी आता जवळजवळ सरली. नातवंडे इंग्रजीत वाढली. आजीची पेटी उघडली की आत परक्या भाषेतली पत्रे, पाठीमागे नाव नसलेली छायाचित्रे. घर विकायचे असते, चार दिवसांची मुदत असते, आणि पेटी कचऱ्याच्या गाडीत जाते. म्हणून ह्या दप्तरखान्यांचे खरे काम धूळ झटकण्याचे नसून शर्यतीचे आहे: जाणता माणूस हयात आहे तोवर छायाचित्राच्या पाठीवर शिसपेन्सिलीने नावे लिहून घ्यायची, पत्राचा सारांश इंग्रजीत करून ठेवायचा, यादी करायची, प्रतिमा उतरवून संगणकात साठवायची. यादी नसलेला कागद असून नसल्यासारखा. ह्या कामाला विद्वान लागतोच असे नाही. चिकाटी, सुवाच्य अक्षर, आणि दर आठवड्याला ठरल्या वेळी येऊन दार उघडणारा माणूस लागतो. तो माणूस मिळेनासा झाला की कितीही कपाटे असली तरी दप्तर संपले.

श्रोतेहो, हे सारे फार दूरचे वाटत असेल, तर कोल्हापूरजवळचे वळिवडे आठवावे. त्याच महायुद्धात, त्याच सोव्हिएत सत्तेने सायबेरियात धाडलेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे पाच हजारांनी, मुख्यतः बायका आणि मुलांनी, १९४३ ते १९४८ या काळात तेथील छावणीत आसरा घेतला होता. छावणी उठली, माणसे जगभर पांगली. तरी त्यांनी एकमेकांना शोधून आपली संघटना केली, आठवणी आणि छायाचित्रे जमवून ग्रंथ छापला. आज वळिवड्याचा तो अध्याय आपल्याला ठाऊक आहे, त्याचे पुष्कळसे श्रेय त्या परागंदा मुलांच्या कागदांना आहे. आपल्याच मातीवर घडलेली गोष्ट आपण त्यांच्या दप्तरातून वाचतो!

कष्टकऱ्याला इतिहास नसतो, असे पुष्कळदा म्हटले जाते. आमच्या मते त्याला इतिहास असतो. त्याला कपाट नसते. सिडनीतल्या एस्टोनियनांनी कोणा सरकारची वाट न पाहता स्वतःच्या वर्गणीतून आणि सुटीच्या वेळातून ते कपाट उभे केले. आपल्या घरी, आपल्या मंडळात, आपल्या संघटनेच्या कार्यालयात जुनी इतिवृत्ते, वर्गणीची पुस्तके, हस्तपत्रके पडली असतील. पुढच्या साफसफाईपूर्वी ती एकदा उघडून पाहावी, आणि ज्या छायाचित्रातील माणसे ओळखता येतात त्याच्या पाठीवर आजच नावे लिहावी, एवढेच आमचे मागणे आहे.