शंखासुराच्या झाडापाशी

फुलपाखरांसाठी बाग करताना अंगणात शंखासूर लावला जातो. त्या झाडापाशी मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीचे स्मरण व्हावे.

तिचा जन्म १६४७ साली फ्रँकफुर्ट येथे झाला. अळ्या चिखलातून आपोआप उपजतात, असा त्या काळी अनेकांचा समज होता. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळून त्यांचे रूपांतर डोळ्यांनी पाहिले. १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीसह ती सुरिनाम या डच वसाहतीत गेली. १७०५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथात साठ चित्रे आहेत. अळी, कोष व फुलपाखरू तिने झाडासहच रेखाटले. बागेचे मर्म यातच आहे. मधासाठी फूल हवे, तसे अंड्यांसाठी पान हवे. म्हणून शंखासुराच्या जोडीला लिंबू, कढीलिंब, रुई लावावी आणि कुरतडलेल्या पानांवर औषध फवारू नये.

त्याच ग्रंथात शंखासूरही आहे. आपले मूल गुलामीत जन्मू नये म्हणून तेथील मूळनिवासी व आफ्रिकेतून आणलेल्या गुलाम स्त्रिया त्याच्या बियांनी गर्भ पाडीत. त्यांनीच हे सांगितल्याचे मेरियनने नोंदविले आहे.

गर्भातील जीव पवित्र आहे, ही आपली श्रद्धा. परंतु उसाच्या त्या मळ्यांपैकी अनेक ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचेच होते. त्या मातांना दोष देण्याआधी आपण मान खाली घालावी. शंखासुरावर फुलपाखरू बसले, की त्यांच्यासाठी व त्यांच्या न जन्मलेल्या लेकरांसाठी एक प्रार्थना म्हणावी.