गाऱ्हाणे, मागणी आणि लढा



आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकाबाहेर, युनियनच्या कचेरीत आणि गावोगावच्या वाचनालयांत. तरीही हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहो, याला एक कारण आहे. गाऱ्हाण्याचा लढा कसा होतो, हे आम्ही बरीच वर्षे जवळून पाहिले आहे. कामगार आमच्याकडे प्रथम एकटा येतो. माझी हजेरी कापली, एवढेच त्याचे म्हणणे असते. दुसऱ्याची रजा अडलेली असते, तिसऱ्याचा बोनस. तिघे एकाच पाळीत काम करतात, पण आपले दुखणे एकाच जागचे आहे हे त्यांना ठाऊक नसते. ते ज्या दिवशी कळते, त्या दिवशी गाऱ्हाण्याची मागणी होते. आणि मागणी करण्यालाच बंदी झाली, म्हणजे मागणीचा लढा होतो. आपल्या मराठवाड्यात नेमके हेच घडले, असे आमचे नम्र मत आहे.

आरंभ आपल्या शेजारूनच करू. भोकरदन आणि जाफराबाद यांच्या मधल्या मुलखात असई हे गाव आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा वेलस्लीने पराभव केला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. निजाम त्या वेळी इंग्रजांच्या बाजूला होता. इंग्रजांची फौज त्याने आधीच पदरी घेतली होती. नंतर तिच्यासारख्याच दुसऱ्या फौजेच्या खर्चापायी १८५३ मध्ये वऱ्हाड त्याला इंग्रजांकडे सोपवावे लागले, आणि १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने गेले. अशा रीतीने आपल्या वाडवडिलांच्या मानेवर एकावर एक अशी दोन जोखडे आली. गादीवर निजाम, आणि निजामामागे इंग्रज.

या राज्यात गाऱ्हाणी कोणाकोणाची होती? शेतकऱ्याचे गाऱ्हाणे साऱ्याचे, जहागीरदाराच्या जुलमाचे आणि महायुद्धाच्या काळात लेव्हीच्या धान्याचे. बलुतेदाराचे आणि गावकुसाबाहेरच्या माणसाचे गाऱ्हाणे वेठबिगारीचे. अंमलदार गावात आला की त्याचे ओझे फुकट वाहायचे. व्यापाऱ्याचे गाऱ्हाणे करोडगिरीचे. वऱ्हाडातील बुलढाण्याकडून माल आणायचा तर सरहद्दीच्या नाक्यावर जकात भरायची. एवढेच नव्हे, पलीकडे कलदार रुपया चाले आणि अलीकडे हाली. सात हालींना सहा कलदार असा साधारण हिशेब. सुशिक्षिताचे गाऱ्हाणे भाषेचे. बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी किंवा कानडी बोलणारी, पण कचेरी उर्दूची. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच.

आता पाहा, यांतले एकही गाऱ्हाणे 'स्वातंत्र्य' हा शब्द उच्चारीत नव्हते. शेतकऱ्याला सूट हवी होती, व्यापाऱ्याला नाका नको होता, शिक्षकाला मराठी शाळा हवी होती. प्रत्येकाने आपापला अर्ज वेगळा लिहिला असता, आणि ते अर्ज वेगवेगळ्या दप्तरांत धूळ खात पडले असते.

त्यांना एकत्र बांधण्याचे काम, गमतीची गोष्ट अशी, की सरकारनेच केले. 'गश्ती निशाण त्रेपन्न' या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमान्वये परवानगीवाचून सभा भरविण्यास मनाई झाली. मग शाळेसाठी सभा घ्या की शेतसाऱ्यासाठी, अडवणारा हात एकच! 'आमचे म्हणणे मांडू द्या' हेच सर्वांचे पहिले गाऱ्हाणे झाले.

१९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर आज आपल्याच जालना जिल्ह्यात आहे. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. निजामाच्या छत्राखालीच जबाबदार राज्यपद्धती मिळावी, एवढीच त्या काळच्या पुढाऱ्यांची मागणी. तीही सोसवली नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तीही संस्था रीतसर स्थापन होण्यापूर्वीच! २४ ऑक्टोबरला नानलांच्या तुकडीने सत्याग्रह आरंभिला. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. हे स्वामीजी पूर्वाश्रमी कामगारनेते ना. म. जोशी यांचे चिटणीस होते, हे सांगताना आम्हांला साहजिकच अभिमान वाटतो. त्याच सुमारास 'वंदे मातरम्' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयातून काढून टाकण्यात आले; नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केले. घरोघरची मुले त्यात होती, त्यामुळे लढा घरोघर पोचला.

देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. हैदराबादच्या प्रजेला मात्र त्या दिवशीही तुरुंगच दिसला. रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. सरहद्दीवर लोकांनी ठाणी उभारली आणि करोडगिरीचे नाके जाळले. व्यापाऱ्याचे जुने गाऱ्हाणे त्या आगीत होते. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके या शेतकरी घरच्या बाई लढ्यात उतरल्या. आणि 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील व्हावे असे उर्दूत निर्भयपणे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. हा लढा एका धर्माचा दुसऱ्याशी नव्हता, याला याहून मोठा पुरावा कोणता? १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला.

येथे आम्ही थांबलो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. परंतु खरे सांगितले पाहिजे. त्या विजयानंतर मराठवाड्यातील अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांना रझाकारांच्या पापाची किंमत मोजावी लागली. पंडित सुंदरलाल समितीने ते नोंदविले, आणि तो अहवाल कित्येक वर्षे दप्तरात बंद राहिला. गाऱ्हाण्यातून लढा उभा राहतो, तसा सूडही उभा राहू शकतो. संघटना असली, शिस्त असली, तर लढा. ती सुटली, तर सूड. आमच्या धंद्यातही हाच अनुभव आहे. ज्या संपाला पुढारी आणि नियम नसतात, त्यात पहिला दगड मालकाला लागत नाही, शेजारच्या गरिबाला लागतो.

पुढे १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला. शेतकऱ्याच्या जुन्या अर्जांना काही उत्तरे मिळाली, सगळ्यांना नव्हे. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, ते केलेच पाहिजे. पण त्या दिवशी आपल्या गावात कोणाचा अर्ज पडून आहे आणि कोणाची सभा अडली आहे, याचीही विचारपूस व्हावी. परतूरच्या त्या मंडळींनी एवढ्याच कामापासून सुरुवात केली होती.