मिलिंदाचा रथ आणि एक कोटी पौंडांची बेंटली

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) नागसेनवनातले मिलिंद महाविद्यालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९५० साली सुरू केले. परिसराचे आणि महाविद्यालयाचे नाव ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातून आले आहे. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा मिनँडर, आणि नागसेन हा त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारा भिक्षू.

त्यांच्या संवादात रथाचा प्रसंग येतो. आपण रथातून आलो असे राजा सांगतो. त्यावर नागसेन एकेक भाग घेऊन विचारतो : आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू, लगाम, ध्वजदंड? प्रत्येक वेळी राजा ‘नाही’ म्हणतो. मग या भागांबाहेर वेगळा रथ आहे का? तेही नाही. शेवटी राजा मान्य करतो, की या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे व्यवहारातले नाव आपण वापरतो, एवढेच. वर्गात हा प्रसंग सांगितला की मुले हसतात. तत्त्वज्ञानाचा शब्दच्छल म्हणून आपणही सोडून देतो. पण १९९० साली इंग्लंडमध्ये नेमक्या याच प्रश्नावर न्यायालयात खटला उभा राहिला. रथाच्या जागी शर्यतीची मोटारगाडी होती आणि निकालावर एक कोटी पौंड अवलंबून होते.

ही गाडी बेंटली कंपनीची, ‘स्पीड सिक्स’ प्रकारातली. कंपनी डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ साली स्थापन केली. स्पीड सिक्सचे इंजिन सहा सिलिंडरचे, सुमारे ६.६ लिटर क्षमतेचे. फ्रान्समधल्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत १९२९ साली वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी ही गाडी पहिली आणली. चोवीस तासांत तिने सुमारे २,८४० किलोमीटर अंतर कापले. सरासरी वेग विद्यार्थ्यांनी काढावा आणि हे खाणेपिणे, इंधन भरणे, चालक बदलणे धरून आहे हे लक्षात घ्यावे. पुढच्या वर्षी बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी त्याच गाडीने पुन्हा शर्यत जिंकली. तिला ‘ओल्ड नंबर वन’ म्हणू लागले.

‘त्याच गाडीने’ असे मी सहज लिहून गेलो. अडचण तिथेच आहे.

शर्यतीची गाडी जपून ठेवण्यासाठी नसते. रस्त्यावरच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर सांगाड्यावर आणि आसावर ताण येतो आणि जातो. एका वेळचा ताण पोलाद सहज सोसते. तोच ताण लाखो वेळा आला तर सूक्ष्म तडा सुरू होतो, वाढतो आणि एक दिवस भाग तुटतो. यालाच धातूची थकवण म्हणतात. रेल्वेच्या आसांवर एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने तिचा पद्धतशीर अभ्यास केला. म्हणून शर्यतीच्या गाडीचे भाग तुटायची वाट न पाहता बदलले जातात. शिवाय दर मोसमात काहीतरी सुधारणा होतेच.

१९३२ साली या गाडीत आठ लिटरचे इंजिन होते. त्या वर्षी ब्रुकलंड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत ती धावपट्टीच्या उतरत्या कडेवरून पलीकडे गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. बार्नाटोने तिची पुन्हा बांधणी करवून घेतली, या वेळी बंद छताची, रस्त्यावर वापरायची गाडी म्हणून. पुढे मालक बदलत गेले, दुरुस्त्या होत गेल्या, आणि शेवटी तिला पुन्हा जुने, उघडे, शर्यतीचे रूप देण्यात आले. एप्रिल १९९० मध्ये तेव्हाचे मालक हबर्ड यांनी ती मिडलब्रिज या कंपनीला एक कोटी पौंडांना विकण्याचा करार केला. करारात तिचे वर्णन ‘ओल्ड नंबर वन’ असे होते. नंतर कंपनीने हात आखडता घेतला : ही ती गाडीच नव्हे. हबर्ड न्यायालयात गेले.

न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे गाडीचा अक्षरशः भागवार पंचनामा झाला. निष्कर्ष नागसेनाला आवडला असता. १९२९ साली जिंकलेल्या गाडीचा उल्लेखनीय असा एकही भाग उरलेला नव्हता. १९३० च्या गाडीतले अगदी मोजके भाग सापडले. जे होते ते बहुतेक १९३२ आणि त्यानंतरचे.

तरीही जुलै १९९० मधला निकाल हबर्ड यांच्या बाजूने लागला. न्यायमूर्तींचे म्हणणे थोडक्यात असे : सगळे भाग पहिल्यापासूनचे या अर्थाने ही गाडी ‘मूळ’ नाही. पण ती कधी मोडीत निघाली नाही, कधी नाहीशी झाली नाही. नवे भाग हळूहळू, वर्षानुवर्षांत तिच्यात सामावत गेले, त्यामुळे तिची ओळख कोणत्याही टप्प्यावर तुटली नाही. या नावावर हक्क सांगणारी दुसरी कोणतीही गाडी नाही. शिवाय विक्रीला होते ते केवळ लोखंड नव्हते, तिचा इतिहास आणि लौकिकही होता.

मला हा निकाल योग्य वाटतो, पण तो नावापुरता. पुराव्याचा प्रश्न वेगळा आहे. १९२९ सालच्या पोलादात कार्बन किती होता, ते कसे ओतले, कसे तापवून थंड केले, हे या गाडीवरून कोणी शोधू लागला तर न्यायालयाचा निकाल त्याच्या उपयोगाचा नाही. तिच्या नळीतला किंवा पट्टीतला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तो स्वतःचेच वय सांगेल, गाडीचे नाही.

हा फरक आपल्या जवळच्या अजिंठ्यात स्पष्ट दिसतो. तिथल्या काही चित्रांतला निळा रंग लाजवर्द या खनिजाचा आहे, आणि ते अफगाणिस्तानातून येत असे. म्हणजे भिंतीवरचा रंगाचा एक कण दूरच्या व्यापाराची साक्ष देतो. कुणी ती निळाई कारखान्यातल्या कृत्रिम रंगाने हुबेहूब भरून काढली असती तर चित्र तसेच दिसले असते. साक्ष मात्र गेली असती. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रे टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचा थर दिला. हेतू चांगला होता. पण लाख काळाबरोबर पिवळी पडते, काळवंडते, आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर द्रावकांनी जपून काढत बसावे लागले. निदान खालचा मूळ रंग शाबूत होता म्हणून ते शक्य झाले. बेंटलीच्या बाबतीत खाली काही नव्हतेच.

बेंटली कंपनीचेही तेच. १९३१ साली ती डबघाईला आली तेव्हा रोल्स-रॉइसने घेतली, १९९८ साली फोक्सवॅगनने. त्याच समूहाचा कारखाना आपल्या शेंद्र्याला आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला कायद्याचे उत्तर २०२१ साली मिळाले. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी-चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची. मात्र गाडी मूळ रूपात राखलेली हवी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. इंग्लंडच्या न्यायालयाने अस्सल ठरवलेली ‘ओल्ड नंबर वन’ या नियमाखाली नोंदणीला आणली, तर आरटीओतल्या अधिकाऱ्याने काय करावे? इंजिन बदललेले, सांगाडा बदललेला, बॉडी तर दोनदा. दहावीच्या वर्गात दोन गट पाडून हा अर्ज मंजूर करायचा की नाही यावर वाद घालायला द्यावा. एका गटाला नागसेनाची बाजू आपोआपच मिळेल.